आवाज जरा कमी कर

माझे दाजी मल्लिनाथआप्पा यांच्याशी बोलायचं तर ओरडूनच बोलायचं, ही आमच्या घरची पस्तीस वर्षांची रीत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, उमाक्काचे यजमान. लातूरच्या एका डाळमिलमध्ये त्यांची सारी हयात गेली, आणि तिथं हळू बोलणं म्हणजे न बोलणंच. स्वतःच्या लग्नात त्यांनी लग्न लावणाऱ्या स्वामींना हळूच विचारलं होतं, "अजून किती वेळ हाय?" ते मांडवामागच्या आचाऱ्याला ऐकू गेलं आणि त्यानं भाताचा हंडा उतरवून ठेवला. मी तेव्हा दहावीत होतो. बहीण एवढ्या गडगडाटात दिली म्हणून मला रडू आलं होतं, तेही सांगून टाकतो.

तर दाजी मोठ्यानं बोलतात, टीव्ही मोठा लावतात, फोनवर बोलताना गल्ली जागी करतात, याचं आम्हाला कधी काही वाटलं नाही. मिलचा माणूस, दुसरं काय. मी उमरीला शाळामास्तर. लोकांच्या पोरांचे कान धरण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, पण घरातल्या माणसाचे कान गेलेत हे मला कळलं नाही. याबद्दल मला माझाच राग येतो.

दाजींचं मिलमधलं काम नीट समजून घ्या. ते स्विचबोर्डापाशी बसतात. मशीन त्यांच्या हातानं चालू होतं आणि त्यांच्याच हातानं बंद. "मिल माझ्या कानावर चालते," असं ते अभिमानानं सांगायचे, आणि खरंच होतं ते. तूर कोरडी आली की आवाज चरचरतो, ओली आली की घुमतो, पट्टा ढिला झाला की फटफटतो. इंजिनियर येऊन चार तास शोधायचा ती खोड दाजी बिडी विझवता विझवता सांगायचे.

मिलमध्ये तूर ओतायचा एक खड्डा असतो, माणूसभर खोल. त्याच्या तळाशी लोखंडी डबे लावलेला पट्टा फिरतो आणि तूर उचलून वर नेतो. कधी गोणीची सुतळी, कधी काडीकचरा अडकतो आणि डबे तुंबतात. मग मशीन बंद करायचं आणि कुणीतरी आत उतरून हातानं मोकळं करायचं. उतरायची ती सुमनबाई. चाळिशीची, अंगानं बारीक, म्हणून खड्ड्यात मावणारी. बाकीच्या बाया अंगणात डाळ वाळवत असतात. खड्ड्यापाशी ती एकटीच. खालून ती ओरडणार, "करा चालू," आणि दाजी स्विच वर करणार. स्विचपासून खड्ड्यातलं माणूस दिसत नाही, नुसतं ऐकू येतं.

आणि दाजींना ऐकू येईनासं झालं होतं.

एकदम नाही झालं. आधी पाखरं गेली, मग सायकलची घंटी, मग बायकांचं आणि लेकरांचं बोलणं. जाडजूड आवाज तेवढे राहिले, आणि कानात चोवीस तास रातकिडे. दाजींनी कुणाला सांगितलं नाही. लसूण घालून कडवलेलं तेल कानात सोडलं. बसस्टँडवरच्या कान कोरणाऱ्याकडून दोन वेळा कान कोरून घेतले. त्यानं कानातून एक खडा काढून दाखवला, तो त्याच्याच नखातला होता. एकदा तर "रुद्रेशला भेटून येतो" म्हणून माझं नाव सांगून थेट नांदेडला कानाच्या डॉक्टरकडे गेले. नाव नोंदवलं आणि बाकावर बसले. तिथं कंपाउंडर दारात येऊन नाव पुकारायचा. तीन तास बसले, आणि त्यांचं नाव केव्हा पुकारलं गेलं ते त्यांना कळलंच नाही. कानाचा दवाखाना आणि नाव पुकारतात! दाजी उठून विचारायलाही लाजले. परतीच्या गाडीत बसले आणि घरी सांगितलं, "मास्तर मजेत हाय."

लाजायचं कारण जुनं होतं. निलंग्याकडं त्यांच्या गावी त्यांचा एक चुलता होता. त्याला सगळे 'भैरा' म्हणायचे. त्याचं खरं नाव दाजींनाही आठवत नाही. दाजी आणि गावची पोरं त्याच्या मागं जाऊन शिव्या द्यायची, त्यानं वळून पाहिलं की "राम राम काका" म्हणायची. एकदा मागून बैलगाडी येत होती आणि पोरं नुसती बघत उभी राहिली, बघू या याला कधी कळतंय ते. चुलता वाचला, पण त्याचा पाय मोडला. त्या पोरांत दाजी होते. हे त्यांनी उमाक्कालाही कधी सांगितलं नव्हतं.

मग माणूस काय करतो? सोंग करतो. समोरच्याच्या ओठांकडं बघायचं. चार माणसं हसली की हसायचं. कुणी काही विचारलं आणि उमगलं नाही तर एकच ठरलेलं उत्तर: "हाव, बरोबर हाय." दूधवाला एकदा म्हणाला, आठ दिवस येणार नाही, भावाचं लग्न आहे. दाजी म्हणाले, "हाव, बरोबर हाय." उमाक्का आठ दिवस दूधवाल्याच्या नावानं बोटं मोडत होती आणि दाजी कोरा चहा पीत गप्प होते. घरात अशा गमती खूप झाल्या. आम्ही त्याला विसरभोळेपणा म्हणायचो.

मिलमध्ये गंमत नव्हती. खड्ड्यातून सुमनबाईची हाक ऐकू येत नाही म्हटल्यावर दाजींनी एक युक्ती काढली. ती उतरली की ते मनात आकडे मोजायचे. खड्डा मोकळा करायला नेहमी लागतो तेवढा वेळ म्हणजे दोनशे आकडे. दोनशे झाले की स्विच वर. बरेच महिने हा हिशोब जमला. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी सुतळीचा गुंता मोठा निघाला. दोनशे झाले, दाजींनी स्विच वर केला, आणि सुमनबाईचा हात डब्यांत होता.

डब्यानं तिच्या बांगड्या नेल्या. मनगट सोलवटलं. हात तिनं कसा ओढून घेतला ते तिलाच माहीत. ती वर आली, पदर मनगटाला गुंडाळून दाजींच्या समोर उभी राहिली आणि काहीतरी बोलली. दाजींची नजर त्या पदरावरच्या लाल डागावर खिळलेली, ओठ वाचायचं भान कुठलं? तोंडातून निघून गेलं, "हाव, बरोबर हाय."

त्या दिवसापासून दाजींची झोप उडाली. स्विचवर हात ठेवला की घाम फुटायचा. दोनशेचे तीनशे केले, तीनशेचे चारशे. तरी चालू करताना डोळे मिटून घ्यायचे. आणि तरीही सांगितलं नाही कुणाला. हे सगळं मला त्या येळवशीच्या संध्याकाळी कळलं. तुम्हाला आधीच सांगून ठेवतोय, नाहीतर तुम्हीही आमच्यासारखे हसत बसाल.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, शेतात जाऊन पूजा करायचा सण. लातूरकडं त्या दिवशी शहर रिकामं होतं, सगळे रानात. मिलही बंद. आम्ही दाजींच्या गावच्या रानात गेलो होतो. दाजी, उमाक्का, त्यांची लेक मंजुश्री, तिची आठ वर्षांची सृष्टी आणि मी. भज्जी, उंडे आणि आंबिल असं गळ्यापर्यंत जेवून चारच्या सुमाराला लातुरात घरी परतलो. सगळ्यांना सुस्ती आली होती. मंजुश्री म्हणाली, "मामा, काही आणलंय का बघायला?"

आणलं होतं. मला जुन्या मुक्या सिनेमांचा नाद आहे. नांदेडमधलं एक व्हिडिओचं दुकान बंद झालं तेव्हा तिथल्या सीड्यांचं एक खोकं मी उचलून आणलं. शाळेत पावसाच्या दिवशी पोरांना दाखवतो. भाषेची अडचण नाही, पोरं पोट धरून हसतात. आता सीडीचं यंत्र कुणाकडं असतं? म्हणून माझं यंत्र टॉवेलात गुंडाळून मी बरोबर घेऊन हिंडतो. घरची मंडळी त्याला माझं दुसरं लेकरू म्हणतात.

मी टीव्हीच्या मागं तोंड खुपसून वायरी जोडत होतो. चित्राची पिवळी पिन लावली. आवाजाच्या पिना लावल्याच नाहीत, कारण त्या सीडीवर मागं साधी पेटीसुद्धा वाजत नाही. तिथूनच मी सगळ्यांना सांगितलं, "हा मुका सिनेमा हाय बरं का, शंभर वर्षांपूर्वीचा. बोलत्यात, पन ऐकू येत न्हाई काही. तोंडाकडं बघून समजून घ्यायचं." सांगताना माझी पाठ दाजींकडं होती.

सिनेमा सुरू झाला. एका हॉटेलातला काडीपैलवान वेटर. त्याच्या कोटाच्या शेपटाला कुणीतरी कुत्रं बांधून ठेवलेलं, आणि ते त्याला ठाऊक नाही. दोन्ही हातांवर ताटांची चळत घेऊन तो निघतो, कुत्रं मांजर बघून उलट्या बाजूला निघतं. पहिल्या दोन मिनिटांत सृष्टी गडाबडा लोळायला लागली. उमाक्का पदर तोंडात कोंबून हसत होती. मी तो सिनेमा वीसेक वेळा पाहिलेला, म्हणून मी सिनेमा सोडून माणसांची तोंडं बघत होतो. मास्तरांची खोड ती.

दाजी खुर्चीवर ताठ बसले होते. त्यांच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते त्यांनी नंतर मला सांगितलं, ते त्यांच्याच बोलीत सांगतो. "मला वाटलं, गेलं. उरलंसुरलं आज गेलं. टीव्हीचा घुमघुम आवाज तर मला यायचा की रे. माणसं भांडून राहिली, ताटं फुटून राहिली, तोंडं हलून राहिली, आन् मला काहीच न्हाई. सगळे हसून राहिले. म्हन्लं, रानात देवाला आंबिल शिंपडली तवा तर थोडं ऐकू येत हुतं, आन् घरी येस्तोवर खलास." मधूनमधून पडद्यावर इंग्रजी पाट्या यायच्या, त्या त्यांना जाहिराती वाटल्या.

पण चेहऱ्यावर काही नाही. ते हसत होते. आमच्या मागून एक क्षण उशिरा, पण हसत होते.

पडद्यावर मिशीवाला हॉटेलमालक वेटरच्या नाकासमोर मूठ नाचवत काहीतरी बोलत होता. सृष्टीनं वळून दाजींना विचारलं, "आबा, तो काय म्हणला?"

एवढे ओठ दाजींना वाचता आले. त्यांनी गपकन उत्तर दिलं, "तो म्हन्तो, माझी ताटं फोडलीस, आता तुझं टक्कुरं फोडतो."

सगळे खदखदून हसले. दाजी एवढ्या गमतीत आलेले आम्ही कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. सृष्टीला तर खेळच सापडला. "आन् आता तो काय म्हणला? आन् ती बाई?" दाजी सांगत गेले. "ती म्हन्ती, ह्या कुत्र्यापरास माझा नवराच बरा." "तो पोलीस म्हन्तो, हे कुत्रं कुन्या गावचं?" मंजुश्री हसून हसून रडायला लागली. मलाही वाटलं, काय कल्पक माणूस आहे आपला दाजी. एक दिवस शाळेत बोलवावं यांना.

आणि दाजींना वाटत होतं की आपले अंदाज बरोबर निघताहेत. खरंच ती माणसं हेच बोलताहेत. म्हणून घर हसतंय, म्हणून अजून कुणाला कळलेलं नाही. पण हे असं किती वेळ चालणार? एक उत्तर चुकलं की संपलं. तेव्हा त्यांना एक पक्का उपाय सुचला. आपल्याला चांगलं ऐकू येतं हे एकदाच सगळ्यांना दाखवून द्यायचं.

ते खुर्चीतून पुढं झुकले आणि म्हणाले, "रुद्रेश, आवाज जरा कमी कर रे. कान फुटायची पाळी आली."

घर हास्यात बुडालं. उमाक्का भिंतीला टेकली. "अगं बाई, आज ह्येनला काय झालंय!" सृष्टी टाळ्या वाजवत होती. मीही हसत होतो, आणि हसता हसता मला त्यांचा हात दिसला. खुर्चीच्या दांड्यावर पंजा आवळलेला होता. कपाळावरून घाम कानशिलावर आला होता. येळवशीच्या थंडीत घाम.

"हसायला काय झालं?" दाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "मी सांगून राहिलो, आवाज कमी कर म्हून! शेजारीपाजारी न्हाईत का?"

हसणं एकेकाचं थांबलं. मंजुश्रीनं माझ्याकडं पाहिलं. पडद्यावर वेटर पिठाच्या पिंपात पडला होता, त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मला एकदम भीती वाटली. आधी वाटलं माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. सृष्टी तेवढी अजून खेळातच होती. ती त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आबा, ह्याला आवाजच न्हाई."

दाजी तिच्या ओठांकडं बघत राहिले. ती घाईघाईनं बोलली होती. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हाव, बरोबर हाय."

मी उठून यंत्र बंद केलं. उमाक्का भिंतीपासून उठली. दाजींच्या खुर्चीच्या मागं जाऊन उभी राहिली. आधी हळू म्हणाली, "अहो." मग नेहमीच्या आवाजात, "अहो, ऐकलं का?" मग बाई एवढ्या जोरात किंचाळली की सृष्टी दचकून आईला बिलगली. दाजी रिकाम्या टीव्हीकडं बघत होते. मान तसूभरही हलली नाही.

उमाक्का पुढं आली आणि त्यांच्या पायाशी खाली बसली. तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि दाजींना कळलं. ते म्हणाले, "कवापासून सांगावं म्हन्त हुतो."

मग ते सगळं बोलले. तेल, दवाखाना, चुलता, बैलगाडी. मी समोर बसून सावकाश, ओठ हलवून एकेक प्रश्न विचारत होतो आणि ते उत्तरं देत होते. सुमनबाईच्या बांगड्यांवर आले तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला. आम्हाला पुढं झुकून ऐकावं लागलं.

मला वाटलं होतं उमाक्का रडेल. ती चिडली. "तुमचे कान गेले त्याचं मला काही न्हाई," ती त्यांच्या समोर तोंड नेऊन एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "म्हातारपनी कुनाचं काय जातंच. पन त्या बाईचा हात गेला असता म्हंजी? तुम्ही आकडे मोजत बसलात? मानसाच्या जिवाला आकडे?"

"मग काय करू? जाऊन सांगू, मी भैरा झालो म्हून? उद्या पोरं मागून शिव्या देतील."

"देऊ द्या. तुमाला तर ऐकूच येनार न्हाईत."

एरवी यावर घर हसलं असतं. दाजी म्हणाले, नुसती मिल सोडतो, कारण सांगत नाही, गुडघे दुखतात म्हणतो. मलाही ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. झाकली मूठ राहिली असती. उमाक्का म्हणाली, "आन् त्या बाईला काय सांगनार? तिच्या मनगटाला गुडघेदुखीचं कारन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी दाजींच्या मोटारसायकलवर मागं बसून मिलवर गेलो. उमाक्कानं मला मुद्दाम पाठवलं होतं. ते मध्येच गाडी वळवतील अशी तिला भीती होती, आणि त्यांनी एकदा वळवलीही, चौकात. मी मागून खांद्यावर हात ठेवला. परत सरळ केली.

मशीन अजून चालू व्हायचं होतं. बाया अंगणात ताडपत्र्या पसरत होत्या. सुमनबाई खड्ड्याच्या काठावर बसून तोंडाला फडकं बांधत होती. मनगटावर जखमेचा काळा पट्टा दिसत होता. दाजी तिच्या समोर जाऊन उभे राहिले. मी चार पावलं मागं थांबलो.

"सुमनबाई," दाजी म्हणाले, आणि सवयीनं ते अर्ध्या मिलला ऐकू गेलं, "मला ऐकू येत न्हाई."

तिनं फडकं खाली ओढलं. मला वाटलं ती चकित होईल. ती म्हणाली, "ठावं हाय."

दाजींनी ओठ वाचले. "कवापासून?"

"दसऱ्यापासून."

दसरा म्हणजे दत्तजयंतीच्या दोन महिने आधी. त्या दोन महिन्यांत ती कितीदा खड्ड्यात उतरली असेल याचा हिशोब माझ्या डोक्यात आपोआप व्हायला लागला, आणि मी तो थांबवला.

"मग तू उतरायचीस कशी?"

"भेत भेत. दुसरं कसं?" ती खड्ड्याकडं बोट करून सांगायला लागली. "बांगड्या गेल्या तवापासून आदी डब्यात पहार अडकवते, मग उतरते. तुमी चालू केलंच तर आदी पहार मोडंल, मग मी. तेवढ्यात निघता आलं तर आलं. रोज घरून निघताना लेकीला सांगून येते, उशीर झाला तर मामाकडं जा म्हून."

पहारीचं दाजींना कळलं. लेकीचंही कळलं. त्यांची मान खाली गेली. मी दोन पावलं पुढं झालो. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "सांगितलं का न्हाईस मग? कुनाला तरी सांगायचंस."

सुमनबाई उभी राहिली. दसऱ्यापासून साठलेलं असणार, ते ती घाईघाईनं, दात आवळून बोलून गेली. मला नीट ऐकू आलं. दाजींना एवढ्या घाईचे ओठ वाचता आले नाहीत. नेहमीचे तीन शब्द त्यांच्या ओठांवर आलेले मला दिसले, आणि त्यांनी ते गिळले. ते म्हणाले, "मला कळालं न्हाई, सुमनबाई. परत सांग. मोठ्यानं सांग."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग मालकाच्या केबिनकडं. तिथं पंखा चालू होता, दार अर्धं उघडं होतं. मग तिनं पदर खोचला आणि ओरडून सांगितलं, अंगणातल्या बायांच्या हातातल्या ताडपत्र्या थांबतील एवढ्यानं:

"कुनाला सांगू? तुमाला सांगितलं तर तुमाला ऐकू येत न्हाई! आन् मालकाला दोनदा सांगितलं, तर मालक ऐकत न्हाईत!"

केबिनचं दार पूर्ण उघडलं आणि मालक बाहेर आले. "काय गोंधळ हाय सकाळी सकाळी? आठ वाजून गेले. मल्लिनाथ, मशीन चालू कर."

दाजी त्यांच्या ओठांकडं बघत होते. साधे, रोजचे शब्द, त्यांना वाचता आले. ते स्विचबोर्डाकडं गेले नाहीत. खड्ड्याच्या काठावर, सुमनबाई बसली होती तिथं बसले आणि पाय आत सोडले. मालकांकडं बघून म्हणाले, "आता करा चालू."